चाकांवरच्या घराचें छप्पर



आगोट जवळ आली कीं आमच्या रत्नागिरीकडील घरावर माणसें चढत. वैशाखाच्या अखेरीस कौलें परतावयाचीं, फुटकीं बाजूस काढावयाचीं, वासे ठोकून पाहावयाचे आणि मृगापूर्वीं सारें पुन्हां जागच्या जागीं बसवावयाचें, असा तो वार्षिक उद्योग असे. आम्हां मुलांकडे त्यांतील एकच काम होतें. घरांत उभें राहून वर पाहावयाचें आणि जेथें उन्हाचा कवडसा दिसेल तेथें ओरडावयाचें. कवडसा दिसला कीं तेथून पाऊस येणार, हें गणित आम्हांला आठव्या वर्षीं पाठ होतें. पुढें स्थापत्याचें शिक्षण घेतलें, बांधकामावर तीस वर्षें काढलीं, पण गळतीविषयीं याहून सोपा नियम कोणत्याहि ग्रंथांत आढळला नाहीं. म्हणूनच अमेरिकेंत एका फिरत्या घराच्या छपरानें मला फसविलें तेव्हां तें मनाला फार लागलें. कारण त्या छपरांतून कवडसा दिसत नव्हता.

ज्या घराविषयीं आज बोलावयाचें आहे त्याला तिकडे आर. व्ही., म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, असें म्हणतात. कांहींना स्वतःचें इंजिन असतें. कांहीं नुसते ट्रेलर, मोटारीच्या मागें जोडून न्यावयाचे. पलंग, चूल, शीतकपाट, न्हाणीघर, सर्व कांहीं सुमारें ८ फूट रुंदीच्या पेटींत बसविलेलें असतें. निव्वळ हौसेखातर असें घर बांधवून घेणाऱ्यांत गॉर्डन स्टेबल्स या इंग्लंडांतील निवृत्त आरमारी डॉक्टरांचें नांव अग्रभागीं घेतात. त्यांनीं १८८५ सालीं ब्रिस्टलच्या कारखान्यांतून ‘वाँडरर’ नांवाची गाडी बांधविली आणि घोडे जुंपून ती दूरवर हिंडविली. पुढें अमेरिकेंत मोटारी वाढल्या आणि हा छंद फोफावला. इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट हें गांव तर या धंद्याची राजधानीच होऊन बसलें आहे. आपल्याकडेहि २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तेव्हां हा विषय आतां अगदींच परका राहिलेला नाहीं.

आमचे चिरंजीव मिशिगन राज्यांत असतात. मी सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही उभयतां कांहीं वर्षें त्यांच्याकडे राहिलों. आम्हांला देश दाखवावा या हेतूनें त्यांनीं २४ फूट लांबीचा एक जुना ट्रेलर घ्यावयाचें ठरविलें आणि ‘बाबा, तुम्ही इंजिनियर, तुम्हीच पाहा,’ म्हणून मला पुढें केलें. मीं पाहिला. चाकें पाहिलीं, सांगाडा पाहिला, भिंतींवर टिचक्या मारल्या. विकणारे गृहस्थ सज्जन होते. आंत एक थेंबहि आलेला नाहीं, असें त्यांनीं सांगितलें, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणें तें खरें होतें असें मला आजहि वाटतें. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र पुढच्या पलंगावरील कपाट उघडलें आणि लगेच मिटलें. ‘अहो, इथें कुबट वास येतो आहे. ओलें फडकें घडी करून ठेवावें तसा.’ मीं सांगितलें कीं, घर बरेच दिवस बंद आहे, वास यावयाचाच. छपरावर मी चढलों नाहीं. शिडी ओली होती, गुडघे दुखत होते आणि आंतून छत पांढरेंशुभ्र दिसत होतें.

पुढील जूनमध्यें आम्ही सुपीरियर सरोवराच्या कांठीं गेलों. दुसऱ्या रात्रीं पाऊस लागला आणि छताच्या मध्यभागीं असलेल्या दिव्यांतून थेंब पडूं लागले. खालीं पातेलें ठेवलें. तो टपटप आवाज ऐकून क्षणभर गांवचीच आठवण झाली. सकाळीं वर चढून दिव्याच्या आसपासची दोन हात जागा बारकाईनें तपासली. कांहीं आढळलें नाहीं. जवळच एक झरोका होता, त्याच्याभोंवतीं सीलंट थापून खालीं उतरलों. सीलंट म्हणजे आपल्याकडील जुन्या कारागिरांचें लुकण. पुढें मी तोच शब्द वापरणार आहें. तीन दिवसांनीं दुसऱ्या मुक्कामीं पुन्हां पाऊस आला. या वेळीं दिवा कोरडा राहिला आणि पाणी न्हाणीघराच्या दारावरून ओघळलें. मला वाटलें, एका छिद्राचीं दोन झालीं. वस्तुतः छिद्र एकच होतें, आणि तें या दोन्ही ठिकाणांपासून दूर, पुढच्या कोपऱ्यांत होतें. पहिल्या मुक्कामाच्या जमिनीचा उतार एकीकडे, दुसऱ्या मुक्कामाचा दुसरीकडे. छप्पर आणि छत यांमधील पोकळींत शिरलेलें पाणी उतार मिळेल तिकडे जाई आणि वाट सांपडेल तेथें खालीं उतरे. घर जागा बदलतें तशी त्याची गळतीहि जागा बदलते, हें मला कोणीं शिकविलें नव्हतें.

त्याच रात्रीं पलंगाशेजारीं, त्या कपाटाच्या बरोबर खालीं, सौभाग्यवतींचा पाय जमिनींतून खालीं गेला. घोटा मुरगळला, तेवढ्यावर निभावलें. त्या मला एक शब्दहि बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

घरीं परतल्यावर आम्ही बापलेकांनीं त्या कोपऱ्याची आंतली फळी काढली. मागचें लाकूड काळें पडलेलें, भिजलेल्या तपकिरीसारखें; चमच्यानें उकरून काढतां येई. बाहेरून भिंत गुळगुळीत, आंतून कागद स्वच्छ, आणि मध्यें ही अवस्था! वर कोपऱ्यावरून जाणारी ॲल्युमिनियमची पट्टी उचलली, तेव्हां तिचे दोन स्क्रू गंजून अर्धे झालेले होते आणि लुकणाची कड नखानें उचलावी इतकी सुटलेली होती. फट पोस्टकार्डाच्या जाडीची होती. तेवढ्या वाटेनें कित्येक पावसाळे पाणी आंत जात होतें. दिव्यांतून पडला तो पहिला थेंब नव्हता. लाकडानें पिऊन पिऊन जें उरलें, तें आमच्या पातेल्यांत आलें होतें.

आमच्या कौलारू छपराशीं मी याची तुलना करूं लागलों, तेव्हां माझी चूक मला उमगली. कौलारू घर लुकणावर उभें नसतें. एका कौलावर दुसरें येतें, छप्पर उतरतें असतें, वळचण भिंतीच्या बाहेर हातभर येते आणि पागोळ्या अंगणांत पडतात. क्वचित् पाणी आंत आलेंच तर खालून वारा खेळत असतो. आश्विनाच्या उन्हांत सारें खडखडीत होतें. चाकांवरच्या घराला वळचण नाहीं. छप्पर बहुधा सपाट किंवा किंचित् गोलाकार. तें जेथें संपतें तेथेंच भिंत सुरू होते आणि त्या सांध्यावर एक पट्टी, खालीं स्क्रू, वर लुकण. आंत प्लायवूड, लाकडाच्या पट्ट्या, थंडीसाठीं भरलेला फोम. पाणी एकदां शिरलें कीं त्याला बाहेर पडावयास मार्ग नाहीं. कौलारू घर गळतें आणि वाळतें; हें घर गळत नाहीं असें दिसतें आणि कुजतें.

शिवाय हें घर रस्त्यावर धांवतें. खड्ड्याखड्ड्यागणिक त्याचा प्रत्येक सांधा हलतो. एखादा लहानसा भूकंप रोज चारपांच तास चालावा, तसा हा प्रकार आहे. उन्हाचें पाहा. तपमानांत ५० अंश सेल्सियसचा फरक पडला तर २४ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी सुमारें ८ मिलिमीटर लांबते. तिच्याखालचें लाकूड तंतूंच्या दिशेनें त्याच्या पांचव्या हिश्श्याच्या आसपास. मिशिगनची हिंवाळी रात्र आणि उन्हाळ्यांतील दुपारचें तापलेलें छप्पर यांत याहूनहि अधिक अंतर असतें. म्हणजे वर्षानुवर्षें पट्टी लाकडावर मागेंपुढें सरकत राहते आणि मधलें लुकण ओढलें जातें. हिंवाळ्यांत फटींतील पाणी गोठलें तर आकारानें शेंकडा ९ नें वाढतें आणि फट रुंद करून जातें. आणि वारा! ताशीं ६० मैल वेगानें चालणाऱ्या गाडीच्या तोंडावर वाऱ्याचा जो दाब येतो, तो पाण्याला सुमारें पावणेदोन इंच वर ढकलण्यास पुरेसा असतो. पाणी खालींच वाहतें, या भरंवशावर आपण घरें बांधतों. धांवत्या घराच्या पुढच्या सांध्यावर तें वरहि चढतें.

२४ फूट लांब आणि ८ फूट रुंद अशा छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारें ४५० लिटर पाणी येतें. महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो; ज्यांना अशी गाडी घेऊन भर श्रावणांत तेथें जाण्याचा मोह होत असेल त्यांनीं हा हिशेब आधीं मांडावा.

आतां उपाय. छपरावर काय घातलेलें आहे हें प्रथम समजून घ्यावें, कारण औषध त्यावर अवलंबून असतें. कांहीं छपरांवर ई. पी. डी. एम. नांवाच्या कृत्रिम रबराची अखंड चादर असते, कांहींवर टी. पी. ओ. नांवाच्या पदार्थाची, कांहींवर फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. मला वाटे, गळती म्हणजे या चादरीला पडलेलें भोंक. फांदीनें चादर फाटते, नाहीं असें नाहीं. पण बहुतेक वेळां चादर निर्दोष असते. पाणी शिरतें तें आपण मुद्दाम पाडलेल्या भोंकांतून. वातानुकूलन यंत्र, स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा झरोका, सांडपाण्याच्या नळाचें तोंड, न्हाणीघरावरील प्लास्टिकचें तावदान, अँटेना, मागची शिडी, कोपऱ्याकोपऱ्यांवरचे लहान दिवे, या प्रत्येकासाठीं कारखान्यांत छपराला किंवा भिंतीला छिद्र पाडलेलें असतें. एका दुपारीं मीं आमच्या ट्रेलरचीं असलीं ठिकाणें आणि स्क्रू मोजावयास घेतले आणि शंभराच्या पुढें गेल्यावर मोजणें सोडून दिलें.

म्हणून नियम असा कीं, थेंबाची वाट पाहूं नये. दर तीन महिन्यांनीं, निदान हिंवाळ्यापूर्वीं आणि हिंवाळ्यानंतर, छपरावर जाऊन प्रत्येक सांधा डोळ्यांनीं पाहावा. छप्पर माणसाचें वजन पेलणारें आहे कीं नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें. शंका असल्यास फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकावे, किंवा शिडीवरूनच पाहावें. प्रथम सौम्य साबण आणि पाणी घेऊन धुवावें, कारण धुळीखालीं भेग दिसत नाहीं. धुतांना ज्या कडेवर मळाची बारीक काळी रेघ उरते, तेथें लुकण सुटलेलें आहे असें खुशाल समजावें. नवें लुकण मऊ आणि फुगीर असतें. म्हातारें झालें कीं खडूसारखें कोरडें होतें आणि त्यावर तळव्याच्या रेषांसारख्या रेषा उमटतात. प्लास्टिकचीं झांकणें उन्हानें ठिसूळ होतात, त्यांना बोटानें हलकेंच दाबून पाहावें.

दुरुस्तींत मीं केलेली पहिली सूचना सांगतों, म्हणजे माझें ज्ञान किती होतें तें कळेल. मीं चिरंजीवांना म्हटलें, ‘पत्र्याला लावतों तसें चांगलें डांबर आणून फांसूं.’ त्यांनीं हात जोडले. ई. पी. डी. एम. रबराचें आणि खनिज तेलाचें जन्माचें वैर आहे. डांबर, पेट्रोल, टर्पेंटाइन असलें कांहीं लागलें कीं तें फुगतें आणि त्याला सुरकुत्या पडतात. मग मीं न्हाणीघरांत वापरतात त्या सिलिकोनचें नांव काढलें. आमच्या कोपऱ्यावर पूर्वीच्या मालकांनीं तेंच लावलें होतें. सिलिकोन आपल्या जागीं उत्तम वस्तु आहे. येथें तें सुटतें, आणि सुटल्यावर मागें एक अदृश्य थर ठेवून जातें, ज्यावर दुसरें लुकण धरत नाहीं आणि खुद्द नवें सिलिकोनहि धरत नाहीं. तो थर खरवडून काढण्यांत आमच्या दोन दुपारी गेल्या.

छपराच्या जातीला मानवेल असें लुकण नळींत भरून विकत मिळतें आणि त्याचेहि दोन प्रकार आहेत. एक पातळ, तें सपाट जागीं स्क्रूच्या माथ्यावर सोडलें कीं काकवीसारखें आपोआप पसरून बसतें. दुसरें घट्ट; तें उभ्या कडेवर लावावयाचें. पातळ लुकण मीं उभ्या कडेला लावलें होतें. सकाळपर्यंत तें भिंतीवरून हातभर उतरलें होतें आणि अद्याप तेथें आहे. जुनें लुकण त्याच जातीचें असेल आणि घट्ट धरलेलें असेल तर उगाच खणूं नये. स्वच्छ करून, वाळवून वर नवा थर द्यावा. सुटलेलें असेल तर मात्र काढावें, तेंहि लांकडी किंवा प्लास्टिकच्या कालथ्यानें, सुरीनें नव्हे. पट्टी किंवा झरोक्याची चौकट उचललीच तर तिच्याखालीं ब्युटिल रबराची नवी पट्टी घालावी. ही पट्टी भिजविलेल्या कणकेसारखी मऊ असते, स्क्रू आवळले कीं दाबून बसते आणि वर्षानुवर्षें तशीच मऊ राहते. खरें रक्षण ती करते. वरचें लुकण तिची छत्री. वातानुकूलन यंत्राची गोष्ट निराळी. त्याच्याखालीं जाड गादी असते आणि यंत्र आंतून बोल्टांनीं तिच्यावर ओढून धरलेलें असतें. तेथें पाणी आलें तर बाहेरून लुकण थापण्यापूर्वीं ते बोल्ट सैल झाले आहेत काय तें पाहावें आणि बेतानें आवळावे.

फट दिसत नाहीं पण संशय फिटत नाहीं, अशा वेळीं एक युक्ति आहे. सायकलची ट्यूब पाण्यांत बुडवून पंक्चर शोधतात ना, तीच. घराच्या सर्व खिडक्या आणि झरोके बंद करून एका खिडकींत मोठा पंखा असा बसवावयाचा कीं तो बाहेरची हवा आंत भरील. मग बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी शिंपडावयाचें. जेथें फट असेल तेथें बुडबुडे येतात. हें काम करून देणारे कारागीर तिकडे मिळतात, त्यांच्याजवळ त्यासाठीं खास पंखे असतात. त्याच कारागिरांजवळ दोन सुया असलेलें एक हातांत मावणारें यंत्र असतें. सुया लाकडाला टोंचल्या कीं आंत ओलावा शेंकडा किती तें आंकड्यांत दिसतें. शेंकडा २० च्या आंत असेल तर लाकूड कुजविणारी बुरशी वाढत नाहीं. जुना ट्रेलर घेतांना हें यंत्र हातीं असावें. माझ्या टिचक्यांपेक्षां त्याचें मत अधिक ग्राह्य आहे, आणि सौभाग्यवतींच्या नाकाचें त्याहूनहि.

घर उभें करतांना एका बाजूस किंचित् उतार राहील असें करावें, म्हणजे छपरावर तळें सांचत नाहीं. झाडाखालचा गारवा सुखाचा असतो, पण पानें कुजून झरोक्याभोंवतीं ओल धरतात आणि फांद्या घांसतात. हिंवाळ्यांत कित्येक लोक प्लास्टिकची ताडपत्री वर टाकून दोरीनें बांधतात. ती वाऱ्यानें फडफडते, छपराला घांसते आणि आंतली दमट हवा कोंडते. हवा खेळती ठेवणारें मापाचें आच्छादन परवडत नसेल तर कांहींच न घालतां दर महिन्यास एकदां पाहून येणें मी पत्करीन.

आमच्या घराचा कोपरा आणि तळाची चार फूट जमीन नवी करण्यांत तो सबंध उन्हाळा गेला. पुढच्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें आम्ही पुन्हां निघालों. एका थंड पहांटे जाग आली तों माझ्या कपाळावर थेंब पडला. वर पाहतों तर छतावर सर्वत्र पाण्याचे मणी! मी तसाच कोट चढवून, लुकणाची नळी घेऊन शिडीकडे निघालों. चिरंजीवांनीं दारांतच अडविलें. ‘बाबा, आकाश पाहा. रात्रभर पाऊस कुठें होता?’ खरोखरच आकाश निरभ्र होतें. पाणी बाहेरचें नव्हतेंच. चार माणसें बंद खोलींत रात्रभर निजलीं कीं प्रत्येकाच्या श्वासांतून आणि अंगांतून जवळजवळ पेलाभर पाणी हवेंत जातें. त्यांत थंडी फार म्हणून रात्रीं उशिरांपर्यंत गॅसची शेगडी पेटती ठेवली होती. प्रोपेन गॅस एक किलो जळला तर त्यापासून एक किलो सहाशें ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. रसायनाच्या तासाला हें समीकरण मीं शंभर वेळां लिहिलें असेल. ती सारी वाफ थंड छताला लागून गोठली होती आणि पहांटे हीटर चालूं होतांच ठिबकूं लागली होती. शिवाय बंद जागेंत ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवणें प्राणावर बेतूं शकतें, कारण विषारी वायु सांचतो. त्याबद्दल सूनबाईंनीं माझी जी कानउघाडणी केली ती योग्यच होती.

त्या रात्रीं शेगडी वेळेवर बंद केली, छताचा झरोका बोटभर उघडा ठेवला आणि समोरची खिडकीहि तितकीच. जरा गारठा आला, एक रजई जास्त घेतली. सकाळीं छताला हात लावून पाहिला तों कोरडें होतें. लुकणाची ती नळी त्या प्रवासांत फोडावी लागली नाहीं. अशी नळी जवळ बाळगणाऱ्यांनीं तिच्यावरील तारीख मात्र पाहत जावी; मुदत टळलेलें लुकण नळींतून बाहेर येतें, पण नीट वाळत नाहीं.